चुलीपाशी आलेली कृपा

हातकणंगले स्टेशनवर मिरजेकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं, की मला हटकून एक वेगळीच गाडी आठवते. १८९३ सालची, नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली. डब्यात नारायण वामन टिळक हे कवी बसले होते. सोबत एक युरोपीय गृहस्थ. बोलणं काव्यावरून धर्मावर आलं आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या दृष्टीनं हा साक्षात्कार होता. पत्नी लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळ कोसळलं. धर्म राखावा तर नवरा दुरावतो, नवऱ्याकडे जावं तर माहेर आणि जात तुटते. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. ‘स्मृतिचित्रे’त बाईंनी हे सारं सांगितलंय, पण कुठेही गळा काढलेला नाही.

श्रोतेहो, ख्रिस्ती विचारात ‘कृपा’ म्हणजे आपल्या लायकीवर न मिळणारं, देवानं आपणहून दिलेलं दान. हा विचार मराठीला नवा नव्हता. आपले संत तेच मागत आले. म्हणूनच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा सांगायला ओवी निवडली. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं.

आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. पुढे मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं. शाळा आल्या, दवाखाने आले. पण मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला उभा राहिला, की पुष्कळदा त्याच्या तोंडी इंग्रजी गीतांची भाषांतरं असत. चालही परकी. टिळकांनी त्याला अभंग दिला, भजन दिलं. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. त्यांची भजनं मराठी ख्रिस्ती मंडळी आजही गातात.

कविता लिहिणं एक, ती जगणं दुसरं. ते अवघड काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं. त्या टिळकांकडे परतल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आपलं सोवळं त्यांनी सांभाळलं. टिळकांनीही बळजबरी केली नाही. मग एके दिवशी त्यांच्या मनानं विचारलं, ही जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर आलं आणि त्यांनी शिवाशीव सोडली. कुणाचं प्रवचन नाही, व्याख्यान नाही. पाणी आणि चूल यांच्यापाशी हा निर्णय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. ज्या धर्मानं एकेकाळी संसार मोडला, त्याचंच काव्य त्यांनी पूर्णत्वाला नेलं. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.

आपल्या भागातल्या आयाबायांनी जात्यावर ओव्या म्हणत पिठाबरोबर दुःखही दळलं. लक्ष्मीबाई त्यांच्यातल्याच. देवळात किंवा चर्चमध्ये देव भेटतो, हे आपण ऐकतो. तो चुलीपाशी, रुसव्यात आणि मग समजुतीतही भेटतो, हे या बाईनं दाखवलं. घराघरात धर्मावरून, जातीवरून आजही माणसं दुरावतात. अशा वेळी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून वाचावं. वाचताना हसू येतं, डोळेही भरतात आणि कुणाशी तरी धरलेला अबोला सोडावासा वाटतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)