पिसदुऱ्याची सूक्ष्म शिल्पं

इंग्लंडच्या सूक्ष्मशिल्पकार विलर्ड विगनचं प्रदर्शन बघायला गेलेल्याला दालनात आधी काहीच दिसत नाही. ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले असतात. डोळा लावला की सुईच्या नेढ्यात उभी असलेली माणसं दिसतात. नाडीच्या ठोक्यानेही हात हलतो, म्हणून हा गडी दोन ठोक्यांमधल्या क्षणात हत्यार चालवतो. एकदा काम करता करता ‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसची आकृती श्वासाबरोबर नाकात गेली, हे तो स्वतःच सांगतो. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, जर्मनीच्या योहान डीट्रिख म्योलरने वेगळा मार्ग काढला होता. त्याने कोरलं काहीच नाही. डायटम या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचं वेचून त्याने पट्ट्यांवर नक्षीत मांडली. कोरीवकाम निसर्गाचं, मांडणी माणसाची.

या दुसऱ्या जातीची शिल्पं चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत, आणि ती डायनासोरच्या विष्ठेत आहेत.

वरोऱ्याच्या उत्तरेला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या तांबूस चिकणमातीच्या शेतांत हाडांचे तुकडे आणि गुळगुळीत, लांबट दगड सुटे पडलेले सापडतात. अभ्यासकांच्या नोंदीत हे गाव पहिल्यांदा आणलं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरताना त्यांचं लक्ष दगडांकडेही असे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांत अडकलेल्या गाळावर त्यांनी 1860 साली लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लेख लिहिला, त्यात पिसदुऱ्याची हाडं आहेत. हा गाळ त्यांनी डायनासोर संपल्यानंतरच्या काळातला धरला. तीन वर्षांनी टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. 1879 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्याच शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ हे नाव दिलं आणि ही डायनासोरांची जमीन असल्याचं पक्कं झालं.

लांबट दगडांकडे मात्र बराच काळ कुणी फारसं वळून पाहिलं नाही. ते कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा. जबलपूरच्या डायनासोरांमुळे नाव झालेल्या चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आकार आणि घडण पाहून त्यांनी त्यांचे प्रकार पाडले, मोठ्या खड्यांचा ‘अ’ प्रकार वेगळा काढला. विष्ठेची प्रतवारी लावण्याला चिकाटी लागते आणि थोडी विनोदबुद्धीही. हे मोठे खडे टायटॅनोसॉरचे मानले जातात, तेही मुख्यतः शेजारी सापडलेल्या हाडांवरून. विष्ठेवर मालकाचं नाव नसतं.

त्या प्राण्याच्या पोटात काय गेलं होतं, हे बाहेर आलं ते विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी या खड्यांमधले वनस्पतींचे अवशेष तपासले. पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यातून फायटोलिथ काढले.

फायटोलिथ बनतो तो असा. गवत मुळांवाटे पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषतं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागे उरते आणि पेशीत साचत जाते. साच्यात ओतलेल्या मूर्तीसारखा पेशीचा नेमका आकार तिला येतो. पान कुजलं तरी ती मूर्ती टिकते. धान कापताना पात्याने बोट चिरतं, ते पात्याच्या कडेच्या याच सिलिकेमुळे. बांबूच्या पेरात साचणारं वंशलोचन, जे सितोपलादि चूर्णात घालतात, तेही बहुतांश सिलिकाच. ते मुळात दगडाच्या जातीचं आहे हे 1791 मध्ये जेम्स मेसी नावाच्या तरुणाने लंडनच्या रॉयल सोसायटीला प्रयोग करून दाखवलं. हाच पुढे जेम्स स्मिथसन म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या पैशातून वॉशिंग्टनची संग्रहालयं उभी राहिली. गडचिरोलीच्या बांबूवनातल्या एका ओळखीच्या वस्तूचा असाही एक दूरचा नातेवाईक.

हे फायटोलिथ काढायला पिसदुऱ्याचा खडा फोडून कुटला जातो. आम्लाने चुना आणि सेंद्रिय भाग घालवतात. उरलेला गाळ जड द्रवात टाकला की वाळू खाली बसते आणि हलके फायटोलिथ वर तरंगतात. ते काचपट्टीवर घेतले की सूक्ष्मदर्शकाखाली आकार दिसू लागतात: घोड्याचं खोगीर, फुली, व्यायामाचं डंबेल. बहुतेकांची लांबी केसाच्या जाडीहूनही कमी. कोणतं खोगीर कोणत्या गवताचं, हे जाणकाराला त्याच्या कडांवरून कळतं.

नोव्हेंबर 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये हा शोध छापून आला. तोवर गवताचे खात्रीचे सर्वांत जुने अवशेष सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे डायनासोर गेल्यानंतरचे. चित्रकार डायनासोरच्या पायाखाली हिरवळ रंगवत आणि शास्त्रज्ञ त्यांना टोकत. पिसदुऱ्याच्या विष्ठेत मात्र किमान पाच प्रकारची गवतं निघाली, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. जनावर गवतावरच जगत होतं असं नाही. ताड-माडाच्या कुळातली झाडं, सूचिपर्णी आणि इतर वनस्पतीही त्यात होत्या. 2011 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या लेखात त्याच संशोधनाचा पुढचा टप्पा आला: मध्य भारतातल्या या अवशेषांत भाताच्या कुळाचे पूर्वजही होते. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याने ही बातमी जरा मोठ्याने साजरी करायला हवी होती.

मोठ्या वस्तूंना इथे कमी नाही. गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ 1960 च्या सुमारास सापडलेला बारापासॉरस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या डायनासोरला त्याच संस्थेवरून ‘इसिसॉरस’ नाव मिळालं, आणि वडधमला जीवाश्म पार्क आहे. पण हाडांनी सांगितलं ते प्राण्याच्या आकाराबद्दल. तो काय खात होता आणि त्याच्या पायाखाली काय उगवत होतं, हे या न दिसणाऱ्या खोगिरांनी सांगितलं. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत पुढचं दालन उभारणाऱ्यांनी हाडाच्या प्रतिकृतीशेजारी एक सूक्ष्मदर्शक आणि पिसदुऱ्याची एक काचपट्टी जरूर ठेवावी. आणि शेतात असा खडा दिसला, तर तो खिशात न घालता जागेवरच ठेवून नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं.