हवेलीतील पट : ‘द सेव्हन्थ गेस्ट’मधील बुद्धिबळाच्या कोड्यांचा इतिहास आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा इतिहास हा प्रामुख्याने तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी कोणते यंत्र आले, चित्रे किती स्पष्ट झाली, ध्वनी कधी आला, या प्रश्नांभोवतीच ते लेखन फिरते. खेळाच्या आत खेळाडूसमोर जी सामग्री ठेवली जाते ती कोठून आली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेव्हन्थ गेस्ट’ या खेळातील बुद्धिबळाच्या तीन कोड्यांच्या आधारे हा प्रश्न मांडला आहे.

अमेरिकेतील ट्रायलोबाइट या संस्थेचे रॉब लँडेरॉस व ग्रॅम डिव्हाइन यांनी हा खेळ रचला, मॅथ्यू कॉस्टेलो यांनी त्याची कथा लिहिली आणि व्हर्जिन गेम्सने तो प्रकाशित केला. दोन सीडी-रॉमवर येणारा हा खेळ त्या काळी नवलाचा विषय ठरला आणि सीडी-रॉम हे साधन घरोघरी पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. खेळाडू स्टॉफ नावाच्या खेळणीकाराच्या ओसाड हवेलीत फिरतो. एकेका दालनात एकेक कोडे मांडलेले असते. ते सुटले की त्या घरात पूर्वी घडलेल्या भीषण घटनेचा एखादा तुकडा भुतांच्या रूपाने समोर येतो. रोमन लिपीत स्टॉफ या नावाची अक्षरे फिरवली तर ‘फाउस्ट’ हे नाव तयार होते, यावरून कथेचा रोख कळतो. कथेच्या चौकटीत प्रत्येक कोडे स्टॉफचे आहे. तोच ते मांडतो आणि खेळाडू अडखळला की तोच त्याला टोमणे मारतो. वस्तुतः बुद्धिबळाची ही कोडी स्टॉफच्या, आणि त्याच्या निर्मात्यांच्याही, जन्माच्या कितीतरी आधीची आहेत.

आठ वजिरांचा प्रश्न

हवेलीतील एका पटावर खेळाडूला आठ वजीर अशा रीतीने मांडावयाचे असतात की कोणताही वजीर दुसऱ्याच्या माऱ्यात येऊ नये. (पाश्चात्त्य पटावर ही राणी आहे, मराठी खेळाडूंच्या परिचयाचा शब्द वजीर हा असल्याने येथे तोच योजला आहे.) वजीर आडवा, उभा आणि तिरका असा तिन्ही प्रकारे कितीही घरे चालत असल्यामुळे पहिले पाचसहा वजीर सहज बसतात आणि सातव्याला जागा उरत नाही. चौसष्ट घरांपैकी कोणतीही आठ घरे निवडण्याचे एकूण ४,४२,६१,६५,३६८ मार्ग आहेत. प्रत्येक उभ्या ओळीत एकच वजीर राहील एवढे ठरवले तर ही संख्या १,६७,७७,२१६ वर येते आणि आडवी ओळही पुन्हा वापरायची नाही असे ठरवले तर केवळ ४०,३२० वर. कोडे सोडवणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या हातून नकळत हीच छाटणी होत असते.

हा प्रश्न १८४८ साली जर्मनीत मॅक्स बेझेल या बुद्धिबळप्रेमीने बर्लिनहून निघणाऱ्या ‘शाखत्साइटुंग’ या बुद्धिबळविषयक नियतकालिकात मांडला. त्या वेळी त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८५० मध्ये फ्रांझ नाउक यांनी लाइपझिगच्या ‘इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या सचित्र साप्ताहिकात तो पुन्हा उपस्थित केला. आधीच्या एका अंकात त्यांच्या ६० मांडण्या आल्या आणि २१ सप्टेंबरच्या अंकात ९२. आजही मान्य असलेली संख्या हीच आहे. पट फिरवून किंवा आरशात पाहून जी मांडणी दुसरीसारखी दिसते ती एकच धरली, तर मूळ मांडण्या १२ उरतात. त्यांपैकी ११ मांडण्यांची प्रत्येकी आठ रूपे होतात आणि एकीची, तिच्या अंगच्या सममितीमुळे, केवळ चार.

या दोन अंकांच्या दरम्यानच्या काळात तो प्रश्न एका मोठ्या व्यक्तीच्या हाती पडला. ७३ वर्षांचे गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी तो साप्ताहिकात वाचला आणि आपले खगोलशास्त्रज्ञ मित्र शूमाखर यांना पत्राने कळवला. गाउस यांना प्रथम ७६ मांडण्या मिळाल्या. त्यांपैकी चार चुकीच्या निघाल्याने त्यांनी ही संख्या ७२ वर आणली. पूर्ण ९२ मांडण्या गाउस यांनी शोधल्या नाहीत. तथापि पुढील अनेक पुस्तकांतून हा प्रश्न गाउस यांचा, किंवा त्याची संपूर्ण उकल त्यांनी केली, अशी विधाने एकमेकांवरून उतरवली गेली. पॉल कॅम्पबेल यांनी १९७७ साली गणिताच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात लेख लिहून ही चूक कशी पसरत गेली ते दाखवून दिले. मोठे नाव लहान नावाला गिळून टाकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच आढळते. नाउक यांचे उत्तर छापील होते, तारखेनिशी होते आणि बरोबर होते. केवळ ते गाउस नव्हते.

अर्थात गाउस यांचे योगदान नगण्य होते असे नव्हे. त्यांनी पट बाजूला सारून हा प्रश्न अंकांचा केला. प्रत्येक उभ्या ओळीतील वजिराचा आडव्या ओळीचा क्रमांक लिहीत जावे. उदाहरणार्थ १, ५, ८, ६, ३, ७, २, ४ ही मांडणी घ्यावी. या अंकांत अनुक्रमे १ ते ८ मिळवल्यास २, ७, ११, १०, ८, १३, ९, १२ अशा बेरजा येतात आणि ८ ते १ असे उलट क्रमाने मिळवल्यास ९, १२, १४, ११, ७, १०, ४, ५ अशा येतात. दोन्ही ओळींत एकही संख्या दोनदा येत नाही. याचाच अर्थ एकाही तिरक्या रेषेवर दोन वजीर नाहीत. हवेलीत अडकलेल्या खेळाडूला कागद-पेन्सिलीवर हे करता येते आणि पटावर नजर गरगरवण्यापेक्षा ते सोपे आहे. पुढे १८७४ साली ग्युंथर यांनी निश्चयकांच्या आधारे एक पद्धत सुचवली आणि त्याच वर्षी ग्लेशर यांनी ती पुढे नेली.

विसाव्या शतकात हा प्रश्न संगणकशास्त्राच्या वर्गात शिरला. निक्लाउस विर्थ यांनी १९७१ मध्ये आज्ञावली पायरीपायरीने कशी घडवावी हे समजावण्यासाठी आठ वजिरांचेच उदाहरण घेतले, तर एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथातील आपल्या भागात तेच निवडले. एक वजीर ठेवावा, पुढच्याला जागा न मिळाल्यास मागे फिरून आधीचा हलवावा, अशी ही शोधपद्धती आहे. तेव्हापासून आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा या प्रश्नाशी परिचय झाला. १९९३ च्या संगणक खेळात तो आला यात म्हणूनच नवल नाही. नवल वाटावे तर ते एवढेच की तोपर्यंत बेझेल हे नाव त्या परिचयातून जवळपास पुसले गेले होते.

उंटांची अदलाबदल

दुसरे कोडे अधिक कठीण आहे. चार गुणिले पाच अशा वीस घरांच्या लहान पटावर एका टोकाला चार पांढरे व दुसऱ्या टोकाला चार काळे उंट असतात. त्यांनी परस्परांच्या जागा घ्यावयाच्या, पण एकाही वेळी कोणताही उंट विरुद्ध रंगाच्या उंटाच्या माऱ्यात येता कामा नये.

हे कोडे इंग्रज कोडेकार हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी यांच्या १९१७ सालच्या ‘अम्युझमेंट्स इन मॅथेमॅटिक्स’ या संग्रहात आहे. पांढऱ्या व काळ्या उंटांनी आळीपाळीने चालावे अशी ड्यूडनी यांची जादा अट होती आणि त्यांचे उत्तर प्रत्येकी १८, म्हणजे एकूण ३६ चालींचे होते. त्याची किल्ली पाहण्यासारखी आहे. उंट केवळ तिरका चालतो, म्हणून पांढऱ्या घरावरचा उंट काळ्या घरावर कधीच जात नाही. सबब हे एक कोडे नसून प्रत्येकी दहा घरांची दोन स्वतंत्र कोडी आहेत. शिवाय ती एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. चार उंटांचे अर्धे कोडे सोडवले की उरलेले अर्धे त्याच चाली उलट्या बाजूने करून सुटते. स्टॉफच्या हवेलीत हे कोणी सांगत नाही. तेथे आठही उंट एकाच भयाने ग्रासल्यासारखे समोर उभे असतात आणि खेळाडू सर्वांचा विचार एकदम करू लागतो; त्यामुळेच तो थकतो.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. ड्यूडनी आणि अमेरिकन कोडेकार सॅम लॉइड यांच्यात एके काळी पत्रव्यवहार होता व कोड्यांची देवाणघेवाणही होती. पुढे लॉइड आपली कोडी स्वतःच्या नावावर छापतात अशी ड्यूडनी यांची तक्रार झाली आणि ते संबंध तुटले. आयुष्यभर नावाच्या हक्कासाठी जागरूक राहिलेल्या या माणसाचे कोडे पाऊणशे वर्षांनी एका काल्पनिक, दुष्ट खेळणीकाराच्या मुखी जावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

घोडे

तिसरे कोडे पांढऱ्या व काळ्या घोड्यांच्या अदलाबदलीचे आहे. या कुळातील सर्वपरिचित जुना नमुना पाओलो ग्वारिनी यांच्या १५१२ सालच्या इटालियन हस्तलिखितात मिळतो. तीन गुणिले तीनच्या पटावर कोपऱ्यांत दोन पांढरे व दोन काळे घोडे असतात आणि त्यांची जागाबदल १६ चालींत होते. मधले घर कोणत्याही घोड्याला गाठता येत नाही. उरलेली आठ घरे घोड्याच्या चालीने जोडत गेल्यास एक वर्तुळ तयार होते आणि चारही घोडे त्या वर्तुळावर एकामागून एक सरकतात, एवढेच काय ते रहस्य. ड्यूडनी याला ‘बटणे आणि दोरी’ची रीत म्हणत, कारण घरे म्हणजे बटणे व चाली म्हणजे दोऱ्या मानून गुंता सोडवला की पट आपोआप उलगडतो.

तथापि घोड्याच्या चालीवरून कोडे रचण्याची परंपरा ग्वारिनींपेक्षाही जुनी आहे आणि तिची एक शाखा भारतात आहे. नवव्या शतकातील रुद्रटाच्या ‘काव्यालंकार’ ग्रंथात असा श्लोक आहे की त्याची अक्षरे सरळ वाचली काय किंवा घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच राहतो. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाचे वर्णन केले असून घोड्याने सर्व घरे फिरण्याच्या फेऱ्याही त्यात दिल्या आहेत. हे घराणे मूळचे पैठणचे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातील. त्यांचे वडील दिनकर भट्ट आणि नीलकंठ भट्ट हे चुलत बंधू. राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराष्ट्राला हे घराणे ठाऊक आहे, परंतु पटावरच्या घोड्याशी त्याचे असलेले नाते फारसे कोणाच्या ध्यानी नाही. युरोपात मात्र घोड्याच्या फेरीचा प्रश्न म्हटला की १७५९ च्या निबंधामुळे ऑयलर यांचेच नाव पुढे येते. नाउक यांच्या बाबतीत जे घडले त्याहून हे फार वेगळे नाही.

ग्रंथालयातील पुस्तक

स्टॉफच्या हवेलीतील ग्रंथालयात एक मदतीचे पुस्तक ठेवलेले आहे. एखाद्या कोड्यासाठी ते पहिल्यांदा उघडले की सूचना मिळते, दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट सूचना मिळते आणि तिसऱ्यांदा कोडे खेळाडूशिवायच सुटते. इतिहासाच्या दृष्टीने हे पुस्तक विलक्षण आहे. ग्रंथालय आहे, ग्रंथ आहे, उत्तरही आहे. परंतु ग्रंथकार नाही. बेझेल, नाउक, ड्यूडनी यांची जागा नेमकी येथेच होती. कथेला त्यामुळे बाधा आली असती असेही नाही, कारण १९३५ साली बंद पडलेल्या हवेलीच्या कपाटात १९१७ चे पुस्तक सहज असू शकले असते.

या हवेलीची परंपरा पुढे चालू राहिली. १९९५ मध्ये ‘द इलेव्हन्थ अवर’ हा उत्तरभाग आला आणि २०२३ मध्ये मूळ खेळाची आभासी वास्तव उपकरणांसाठी नवी आवृत्ती निघाली. २०२५ साली टोंडा रॉस यांचा ‘ब्लू प्रिन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील हवेलीचा आराखडा पाच गुणिले नऊ अशा ४५ घरांचा असून खेळाडूला ४६ वी खोली शोधावयाची असते. बुद्धिबळाची मोहरी येथेही खोल्याखोल्यांतून दडलेली आहेत. रॉस यांनी आपल्या प्रेरणांत क्रिस्टोफर मॅन्सन यांच्या १९८५ सालच्या ‘मेझ’ या चित्रमय कोडेपुस्तकाचा नावानिशी उल्लेख केला आहे. ‘मेझ’मध्येही घर आहे, क्रमांक दिलेल्या ४५ खोल्या आहेत, आणि मुखपृष्ठावर मॅन्सन यांचे नाव छापलेले आहे.