दारावरचे तोरण

दसऱ्याच्या प्रातःकाळी सुतळीत आंब्याची पाने व झेंडूची फुले ओवून वाड्याच्या दिंडीदरवाजावर किंवा साध्या घराच्या चौकटीवर जे तोरण बांधले जाते, ते पाहणाऱ्यास सर्वांगी सनातन वाटते. परंतु त्यातील पान जितके प्राचीन, तितके फूल नव्हे. संस्कृत वाङ्मयात द्वारावरील मंगल पर्णमालेस 'वंदनमाला' म्हणतात, आणि सांचीच्या स्तूपाची दगडी तोरणे तर सुमारे 2000 वर्षांपूर्वीची आहेत. झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोचा. 1492 नंतर अमेरिकेचा समुद्रमार्ग खुला होईपर्यंत तो आपल्या पूर्वजांच्या दारी असणे संभवतच नव्हते. त्याच्या मायभूमीत आजही 1 व 2 नोव्हेंबरला पितरांच्या स्वागतार्थ याच फुलांच्या कमानी उभारतात, हे साम्य मला फार हृद्य वाटते.

पावसाळ्यात लावला की ऐन आश्विनात बहरणारा, तोडल्यावर लवकर न कोमेजणारा आणि हळदीकेशराच्या वर्णाचा हा परदेशस्थ, ज्याला कोकणात 'गोंडा' म्हणतात, आमच्या बागाइतीत रुजला, देवघरात शिरला आणि खंडेनवमीस शस्त्रांवरही चढला. समुद्रापलीकडून आलेल्या फुलास उंबरठ्यावरचा हा मान देणाऱ्या त्या अनामिक माळ्यांची रसिकता थोर होती.