केसरबाईंची भैरवी नेमक्या किती वेगाने ऐकायची?

एलपी परत आल्यात, ही आता बातमी राहिलेली नाही. माझ्या ओळखीत टर्नटेबल घेतलेले तिघे आहेत आणि तिघांचं भांडण एकच: जुन्या गाण्याचं नवं रीइश्यू चांगलं, की मूळ तबकडी चांगली? आज त्यावरच बोलू, पण रॉक अल्बम घेऊन नाही. आपल्या गावाशी नातं असलेलं साडेतीन मिनिटांचं एकच गाणं घेऊ, केसरबाई केरकरांची भैरवी.

कोल्हापूरचं नातं असं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते. 1922 साली महाराज गेले, आणि पुढे खाँसाहेबांचा मुक्काम मुंबईला हलला. 1946 मध्ये ते वारले. एवढा मोठा गवई, ग्रामोफोनच्या जमान्यात जगलेला, आणि त्यांची एकही तबकडी आपल्या हातात नाही. शून्य. म्हणजे हे घराणं तेव्हा कसं वाजायचं, याचा पुरावा त्यांच्या मुलांच्या आणि शिष्यांच्या तबकड्यांत शोधायचा. त्यात केसरबाईंचं नाव पहिलं. गोव्यातल्या केरीच्या, लहानपणी काही महिने कोल्हापुरातच अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकलेल्या, आणि 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यामुळे त्यांच्या तबकडीचं रीइश्यू बिघडलं, तर नुसतं एक गाणं बिघडत नाही. पुरावाच बिघडतो.

आता बिघडतं कसं ते बघू. पहिला मुद्दा वेग. '78 आरपीएम' हे बोलायला सोपं आहे, पण सुरुवातीच्या काळात कंपन्या वेगवेगळ्या वेगांनी रेकॉर्ड करायच्या. पुढं विजेच्या मोटारी आल्या तेव्हाही भारत-इंग्लंडच्या 50 हर्ट्झवर 77.92 आणि अमेरिकेच्या 60 हर्ट्झवर 78.26 असा आकडा ठरला. तो फरक कानाला कळणार नाही, सोडून द्या. पण 78 ची तबकडी कुणी 80 वर फिरवून टेपवर घेतली, तर पट्टी जवळपास अर्ध्या स्वरांतराने चढते. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोब्बर अधेमधे कुठंतरी. साडेतीन मिनिटांचं गाणं पाच सेकंद आधी संपतं. पाच सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण केसरबाईंचा आवाज भरदार, रुंद आकाराचा. वेग वाढला की तो बारीक होतो, तान उगाचच चपळ वाटते, आणि ऐकणारा नवखा विद्यार्थी तीच नक्कल करायला लागतो.

दुसरा मुद्दा सुई. 78 च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण 3 मिल म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट मापाची सुई लागते. एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती 78 वर ठेवली तर खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाचते. जाणकार माणूस दोन-चार मापांच्या सुया लावून बघतो, कारण जुन्या स्टीलच्या सुईने खाचेची भिंत एका ठराविक उंचीवरच झिजवलेली असते. थोडं वर किंवा खाली कोरी भिंत सापडते. ही मेहनत घेतली की नाही, हे कुठल्याही कव्हरवर लिहिलेलं नसतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. 1954 च्या सुमारास एलपीसाठी 'आरआयएए' नावाचं इक्वलायझेशन ठरलं. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी करायचा, वरचे स्वर वाढवायचे, वाजवताना उलटं करायचं. आजच्या प्रत्येक फोनो अ‍ॅम्पमध्ये तेच असतं. पण एचएमव्हीच्या विजेच्या मायक्रोफोनवर घेतलेल्या 78 त्या नियमाने कापलेल्याच नव्हत्या. तशी तबकडी सरळ आजच्या अ‍ॅम्पला लावली, तर 10,000 हर्ट्झपाशी जवळपास 14 डेसिबल कापले जातात आणि खर्ज उगाच फुगतो. गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं! लोक म्हणतात, "जुनं रेकॉर्डिंग आहे, असंच असणार." अहो, तसं नाही. प्लेअरचं सेटिंग चुकलंय.

आणि मग येतो सफाई कामगार, म्हणजे आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले. लाखेच्या तबकडीत सुईला आकार देण्यासाठी खरखरीत भुकटी मिसळलेली असायची, म्हणून ती सतत खसखसते. ती खसखस काढणारा फिल्टर लावला की तिच्याबरोबर तंबोऱ्याची झांक जाते, श्वास जातो, 'स' आणि 'श' बोथट होतात. मी ऐकलेल्या एका डिजिटल आवृत्तीत बाई गाताहेत आणि मागे साफ निर्वात पोकळी आहे. माझं मत सरळ आहे, खसखस परवडली. दहा सेकंदांत कान तिला विसरतो. गेलेला तंबोरा मात्र परत येत नाही.

आता त्या भैरवीचा प्रवास बघा. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली, त्यात ही भैरवी आहे. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती. रेकॉर्ड मिळता मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. दुसरं व्हॉयेजर आधी, 20 ऑगस्टला उडालं, पहिलं 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पुढे 2017 मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सने त्याच व्हॉयेजरच्या मूळ टेपवरून तीन एलपींचा संच काढला. मित्राकडे ऐकला. शांत, नीटनेटका, सुंदर. 2018 मध्ये त्याच्या पॅकिंगला ग्रॅमीही मिळालं. पण लक्षात घ्या, 'मूळ टेप' म्हणजे 1977 च्या संकलनाची. केसरबाई स्टुडिओत गायल्या तेव्हाची नव्हे. ती टेप दुकानातून आणलेल्या रेकॉर्डवरून, आणि आपण ऐकतो ती एलपी त्या टेपवरून. मधल्या पायरीला वेग किंवा सुई चुकली असेल, तर 2017 चा कितीही भारी इंजिनिअर ती दुरुस्त करणार नाही, कारण ते त्याचं कामच नव्हतं.

गंमत म्हणजे व्हॉयेजरच्या कव्हरवर तबकडी किती वेगाने फिरवायची हे कोरलंय. एका फेरीला 3.6 सेकंद, तेही बायनरीत, हायड्रोजन अणूच्या हिशोबाने. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय. परग्रहावरच्या कुणाला चुकायला जागा नको म्हणून! आणि इथं आपल्याकडे पाच हजार रुपये मोजून घेतलेल्या रीइश्यूवर वजन 180 ग्रॅम हे ठळक छापलेलं, पण कुठल्या तबकडीवरून, किती वेगाने, कुठल्या सुईने, याचा पत्ता नाही. रीइश्यू घेताना 180 ग्रॅम विसरा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर छापलेलं असेल तर माणसाने कष्ट घेतलेत असं समजा.

आपल्याकडे शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांच्या माळ्यावर अजून तबकड्या असतील. सापडल्या तर लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर आधी वहीत उतरवून ठेवा, लेबलचाही फोटो काढा. आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्या ठेवा. आणि धूळ दिसली म्हणून स्पिरिटने पुसायला जाऊ नका. ती लाख आहे, विरघळते.