मुलाच्या हातातली पहिली रायफल

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. राम पटवर्धनांच्या अनुवादामुळे मराठी वाचक तिला 'पाडस' या नावाने ओळखतो. वर्गात ही कादंबरी शिकवताना आपण बालपणाच्या अंताबद्दल बोलतो, निसर्गाच्या निष्ठुरतेबद्दल बोलतो, बापलेकाच्या नात्याबद्दल तर बोलतोच. तिच्यातील बंदुकांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः कथानकातील दोन निर्णायक प्रसंग बंदुकीवरच उभे आहेत. आरंभी पेनीची जुनी बंदूक अस्वलासमोर ऐनवेळी दगा देते, अस्वल निसटते आणि इमानी कुत्री जखमी होते. शेवटी आजारी बापाने सांगूनही ज्योडी पाडसाला मारत नाही, तेव्हा आई गोळी घालते. तिला नेम साधत नाही. पाडस घायाळ होते आणि त्याला यातनांतून सोडवण्याचे काम अखेर ज्योडीवरच येते. शिकारीच्या जगातले एक जुने सत्य या प्रसंगात आहे: ज्याला नेम साधत नाही त्याच्या हातातली बंदूक जनावराला मारत नाही, हालात ढकलते.

आज आम्ही ज्या विषयाकडे वळत आहोत तो याच सत्याचा एक घरगुती भाग आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल कोणती द्यावी, हा प्रश्न निदान शंभर वर्षे चर्चिला जात आहे. वरकरणी तो खरेदीचा प्रश्न वाटतो. त्याचा इतिहास पाहिला की कळते, त्यात एका समाजाने बालपण, जबाबदारी आणि जनावराचे मरण यांची सांगड कशी घातली हे नोंदले गेले आहे.

विल्यम फॉकनर यांच्या 'गो डाऊन, मोझेस' (१९४२) या ग्रंथातील 'द बेअर' या कथेत हा प्रश्न एका तपशिलातून येतो. दहा वर्षांचा आयझॅक पहिल्यांदा जंगलातल्या तळावर जातो तेव्हा त्याच्या हातातली बंदूक त्याला फार मोठी आहे. ती त्याची स्वतःचीही नाही. धक्का कसा बसतो हे कळावे म्हणून त्याने ती एका बुंध्यावर एकदाच झाडून पाहिली आहे. पुढे नाताळात त्याला स्वतःची बंदूक भेट मिळते आणि जवळजवळ सत्तर वर्षे तो ती वापरतो. त्या काळात तिच्या नळ्या बदलतात, दस्ता बदलतो. मूळची उरते ती फक्त चापाभोवतालची चांदीने मढवलेली कडी, जिच्यावर देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आणि १८७८ हे साल कोरलेले आहे. पहिल्या बंदुकीचे तिथल्या कुटुंबातले स्थान यातून ध्यानात यावे. आपल्याकडे आजोबांचे घड्याळ नातवाकडे येते तशी ती येते.

फॉकनर यांच्या आयझॅकची बंदूक ही तिच्या काळाची वस्तू होती. त्यानंतरच्या पिढ्यांसाठी चित्र पालटले ते धूरविरहित दारूमुळे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर कंपनीची १८९४ ची रायफल आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी आलेले 'थर्टी-थर्टी' काडतूस यांनी पूर्व अमेरिकेच्या दाट जंगलात हरणाच्या शिकारीची रीतच ठरवून टाकली. नळीचा व्यास इंचाच्या तीस शतांश आणि दारू तीस ग्रेन, म्हणून हे नाव. रायफल हलकी, आखूड, स्वस्त, आणि धक्का बेताचा. अशा लाखो रायफली विकल्या गेल्या. बापाची मुलाकडे जाणारी रायफल म्हणजे बहुधा हीच, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. २००६ साली न्यू हेवन येथील तिचा कारखाना बंद झाला तेव्हा अनेकांना घरातले कुणी गेल्यासारखे वाटले ते उगाच नव्हे.

तरीही ही परंपरागत निवड निर्दोष नव्हती. या रायफलीचा घोडा बाहेर असतो. हरिण निघून गेले की गोळी नळीत असतानाच तो अंगठ्याने हळूच खाली उतरवावा लागतो. नोव्हेंबरच्या थंडीत बधिरलेल्या लहान अंगठ्यावर एवढी भिस्त ठेवणे धोक्याचे होते. म्हणून पुढे बोल्टच्या रायफलीकडे कल वाढला. बोल्ट उघडा असला की ती झडणार नाही हे दुरूनही दिसते, आणि शिकवणाऱ्याला दुसरे काय हवे असते?

दुसरी अडचण धक्क्याची. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना परिचित असलेले १९०६ सालचे 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतूस पुढे शिकाऱ्यांचे लाडके झाले. प्रौढाच्या खांद्याला ते मानवते. मुलाच्या खांद्याला नाही. एकदा जबर दणका बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच मूल डोळे मिटते, खांदा मागे घेते. ही खोड लागायला एक दुपार पुरते आणि जायला वर्षे लागतात. विंचेस्टर कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणलेल्या 'टू-फॉर्टी-थ्री' काडतुसाचा धक्का त्याच्या सुमारे निम्मा होता. गंमत अशी की ते मुलांसाठी आखलेलेच नव्हते. शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी दुरून टिपावेत आणि त्याच रायफलीने हरिणही मारावे, असा त्यामागचा हेतू होता. आईबापांनी ते मुलांसाठी उचलले आणि ते 'मुलांचे काडतूस' होऊन बसले.

इथे खरा वाद सुरू होतो. हलक्या काडतुसाची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, तर जड काडतुसाची दहा-अकरा ग्रॅमची. हरणाच्या खांद्यामागे, काळीज आणि फुप्फुसे असतात तिथे, वीतभर व्यासाचे एक वर्तुळ कल्पावे. त्यात शिरलेली हलकी गोळीही काम चोख करते. पण नेम चुकला तर ती क्षमा करत नाही. म्हणूनच काही जुने शिकारी म्हणत आले की हे काडतूस नवशिक्याचे नव्हे, तज्ज्ञाचे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, धक्क्याच्या भीतीने मुलाचा नेम हमखास चुकणार असेल तर जड गोळीचा उपयोग काय? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. १९८० मध्ये आलेले 'सेव्हन-एमएम-झिरो-एट' हे या दोहोंमधला मार्ग म्हणून अनेकांनी स्वीकारले. रायफलीच्या वजनाचाही असाच पेच आहे. मुलाला झेपावी म्हणून ती हलकी करावी, तर तेच काडतूस हलक्या रायफलीतून अधिक जोराने धक्का देते. दस्ता मात्र मुलाच्या हाताच्या मापाने आखूड हवा, यावर कुणाचे दुमत नाही. प्रौढाचा दस्ता साधारण साडेतेरा इंचांचा असतो. तो मुलाला दिला की मान ताणावी लागते आणि नेम तिथेच बिघडतो.

या तपशिलांतून एक सूत्र हाती लागते. चांगली पहिली रायफल ठरवताना मोजायचे असते ते मुलाच्या हातून काय चुकेल याचे माप. गोळीचा पल्ला किंवा ताकद त्यानंतर येते. अनुभवी माणसे म्हणूनच आधी बावीस कॅलिबरची एकबारी रायफल देतात. एकच गोळी हाती असली की मूल घाई करत नाही. मग कुठे हरणाची रायफल येते, आणि तीही प्रथम कागदी लक्ष्यावर.

समाजाने आणि कायद्यानेही हे हळूहळू ओळखले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सुमारे पाच लाखांवर आली होती. आज ती कोट्यवधींत आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसे यांवरील ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला, त्याचा यात वाटा आहे. मुलासाठी रायफल घेणारा बाप अशा रीतीने हरणांसाठीही पैसे मोजतो. १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नव्या शिकाऱ्यांना सुरक्षा-शिक्षण सक्तीचे केले आणि पुढे इतर राज्यांनी तो मार्ग धरला. १९६८ च्या संघीय कायद्यानंतर परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू शकत नाही. म्हणजे निवड आणि जबाबदारी दोन्ही मोठ्यांवरच येतात.

ज्या देशात बंदुकीने इतकी मुले दगावतात तिथे मुलाला बंदूक द्यावीच का, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तो प्रश्न प्रथम सुचणे स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर येथे देण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही. एवढे मात्र दिसते की त्या परंपरेतील विचारी माणसांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारला आहे. फॉकनर यांचा आयझॅक जंगलातल्या त्या थोर अस्वलाला पाहू शकतो तो बंदूक मागे ठेवून निघाल्यावर, आणि घड्याळ व होकायंत्रही झुडपावर टांगल्यावर. बंदूक हाती देण्याचे शिक्षण पुरे होते ते ती खाली ठेवता येण्यात.

'पाडस' पुन्हा शिकवताना विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे: आईची गोळी वर्मी लागली असती तर ही कादंबरी कशी संपली असती? ज्योडीचे बालपण तेव्हाही संपलेच असते. पण शेवटचा चाप त्याला स्वतःला ओढावा लागला नसता.