दारची मोटार

मोटारीचा इतिहास म्हटला की तो कारखान्यांचा, भांडवलाचा आणि सरकारी धोरणांचा असावयाचा, अशी आपली समजूत असते. आम्हांला आज त्या इतिहासातून निघून घरात शिरणाऱ्या एका वाटेविषयी बोलावयाचे आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांपुढे पहिली मोटार उभी राहिली ती फियाट होती. तिचे नाव काढताच साठी-सत्तरीतली माणसे अजूनही हळवी होतात. ही माया गाडीच्या गुणांची, की आणखी कशाची? आमच्या मते गाडी फार चांगली होती म्हणून ती इतकी लक्षात राहिली असे नव्हे. ती दुर्मिळ होती, आणि एकदा आली की घर सोडून जात नव्हती, म्हणून राहिली.

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या श्रीमंतांच्या गाड्या. सामान्य माणसाने त्या बाजूला उभे राहून पाहावयाच्या. १९५३ साली सरकारने ठरविले की, ज्यांना सुटे भाग येथेच तयार करावयाचे असतील त्यांनीच या धंद्यात राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटची कास धरली आणि १९५४ मध्ये फियाट ११०० येथे आली. वालचंदांचे निधन आदल्याच वर्षी झाले होते. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेले, ती त्यांच्या माघारी आली.

या पहिल्या गाडीच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, त्यामुळे दार उलट्या दिशेने उघडे. तिच्या गोलमटोल अंगावरून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणावयास सुरुवात केली; त्यात कुचेष्टेपेक्षा लाडच अधिक होता. पुढे १९६४ ची डिलाइट आली, फियाटशी असलेला करार संपल्यावर प्रेसिडेंट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नावे बदलली तरी आतले १०८९ सी. सी. चे इंजिन जवळजवळ तेच राहिले. तिच्या जोडीला कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तयार होणारी ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. एवढ्या मोठ्या देशाला निवड करावयास सारी मिळून तीन मोटारी!

त्याही हव्या तेव्हा मिळत नसत. पैसे भरून नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. वापरलेल्या गाडीला नव्या गाडीहून अधिक किंमत यावी, असा उलटा बाजार तेव्हा चालत असे. अशा रीतीने आलेली गाडी कोण सहजासहजी विकील? ती पंधरा-वीस वर्षे दारात राहावयाची. त्या अवधीत मुलगी शाळेतून कॉलेजात जाई, तिचे लग्न होई आणि वरातीसाठी त्याच गाडीला झेंडूच्या माळा लागत. आठवणी साठण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ टंचाईने मिळवून दिला. आज पाच-सात वर्षांत गाडी बदलणाऱ्या घरात ती कोणाच्या बालपणभर पुरत नाही.

गाडीही माणसांना गुंतवून ठेवी. थंडीच्या सकाळी चोक किती ओढावयाचा हे प्रत्येक गाडीचे निराळे, आणि ते घरच्यांनाच ठाऊक. पावसाळ्यात प्लग काढून पुसावयाचे, काँटॅक्ट पॉइंट पॉलिश-पेपरने घासावयाचे. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यावयाची, आणि मुलांनी तोवर करवंदे शोधावयाची. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्याने पुढची बैठक सलग होती. तिच्यावर तिघे सहज मावत आणि चौथे मूल मांडीवर. यंत्राचे चालणे डोळ्यांना दिसे, म्हणून त्याच्याशी ओळख होई. आजच्या गाडीत बिघाड झाला की दिवा लागतो, आणि तो का लागला हे सांगावयास दुसरे यंत्र जोडावे लागते. कान लावून दोष ओळखणाऱ्या नाक्यावरच्या मिस्त्रीची विद्या यात निकालात निघाली, याचे आम्हांला खरोखर वाईट वाटते.

पण त्या मांडीवरच्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. त्याच्यासमोर पत्र्याचा कठीण डॅशबोर्ड होता. पट्टा कोणालाच नव्हता. जोराची धडक बसली असती तर ते मूल वाचले असते असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. शिवाय त्या पेट्रोलात शिसे असे. देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले ते २००० साली, आणि नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ साली. आजची गाडी बंदिस्त, अबोल, अनोळखी असेल. पण मुलाला मागे बसवून पट्टा बांधणाऱ्या आईबापांना ती जे देते, ते फियाटने कधीच दिले नव्हते. आमच्या आठवणी गोड आहेत, कारण आम्ही त्या सांगावयास शिल्लक आहोत. जे घाटांत गेले त्यांची घरे फियाटच्या गोष्टी सांगत नाहीत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि जुन्यांचे दिवस भरले. पद्मिनी शतक उलटताना बंद पडली, ॲम्बॅसडर २०१४ साली. आणि गंमत अशी की, त्यांना मागे सारणारी मारुती ८०० सुद्धा त्याच वर्षी थांबली. मुंबईत मात्र काळी-पिवळी टॅक्सी होऊन पद्मिनी आणखी काही वर्षे धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा परवाना संपला.