बारतोंडी (नोनी)

कदंब कुलातील (रुबिएसी) सदापर्णी झुडूप अथवा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव मोरिंडा सिट्रिफोलिया. हे नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. हवाईत याला नोनी, ताहितीत नोनो, सामोआ व टोंगात नोनू, तर इंडोनेशियात मेंगकुडू म्हणतात. महाराष्ट्रात रानोमाळ आढळणाऱ्या याच प्रजातीतील जवळच्या जातींनाही बारतोंडी किंवा आल म्हणतात.

प्रसार व अधिवास : मूळ प्रदेश आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी उपयुक्त वनस्पती म्हणून ही होड्यांतून पॅसिफिकच्या दूरदूरच्या बेटांवर नेली. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर ती आपोआप वाढते. वाळूचे किनारे, प्रवाळाची चुनखडीयुक्त जमीन, खाजणामागची झाडी आणि हवाईतील उघडे लाव्हा-खडक अशा जागी ती तग धरते. खारे वारे, मचूळ पाणी व अवर्षण सोसण्याची तिची क्षमता मोठी आहे. जिथे गोडे पाणी व कसदार माती दुर्मिळ, तिथे हिरवा आधार देणारी ही वनस्पती बेटवासीयांना मोलाची वाटली यात नवल नाही.

वर्णन : उंची साधारण ३–६ मी.; कोवळ्या फांद्या चौकोनी. पाने समोरासमोर, मोठी, चकचकीत, ठळक शिरांची. लहान पांढरी, नळीसारखी फुले गोलसर स्तबकात वर्षभर येतात. स्तबकातील फुलांचे किंजपुट एकत्र वाढून ५–१० सेंमी. लांबीचे संयुक्त फळ बनते. ते हिरव्याचे पिवळे व शेवटी पांढुरके, अर्धपारदर्शक होते. त्या वेळी त्याला कुजक्या चीजसारखा उग्र दर्प येतो. बियांत हवेची पोकळी असल्याने त्या महिनोन्‌महिने समुद्रावर तरंगतात आणि लाटांबरोबर नव्या किनाऱ्याला लागतात. फळे खाणारी वटवाघळेही बीजप्रसार करतात.

पिकत्या फळातील ऑक्टॅनॉइक व हेक्झॅनॉइक अम्ले बहुतेक फळमाश्यांना मारक ठरतात. सेशेल्स बेटांवरील ड्रोसोफिला सेशेलिया ही माशी मात्र ती पचवते; ती याच फळाकडे ओढली जाते आणि त्यावरच अंडी घालते. उत्क्रांतीच्या अभ्यासात ही जोडी महत्त्वाची मानली जाते.

उपयोग : मुळांच्या सालीतील मोरिंडोन व तत्सम द्रव्यांपासून पक्का लाल रंग मिळतो. जावातील बाटिक आणि सुंबा, फ्लोरेस बेटांवरील इकत कापडांची लाली यातूनच आली. तेथील रंगारीण सूत आधी तेलात मुरवते, मग लोध्राच्या प्रजातीतील झाडांची पाने वा साल रंगबंधक म्हणून वापरते. त्यांतील ॲल्युमिनियममुळे रंग धाग्याला घट्ट धरतो. मध्य भारतात, विशेषतः बुंदेलखंडात, रंगासाठी आलीची शेती होत असे. १८६८–६९ मध्ये जर्मनीत कृत्रिम ॲलिझरीन तयार झाल्यावर स्वस्त रासायनिक रंगांपुढे ती टिकली नाही. एका पिकाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्यही मागे पडले, ही हानी मोठी आहे.

फळ दुष्काळात पोटाला आधार देई. थायलंडमध्ये पाने आजही स्वयंपाकात वापरतात. पाने गरम करून दुखऱ्या सांध्यांवर व सुजेवर बांधण्याची रीत अनेक बेटांवर आहे.

१९९० नंतरच्या दशकात बाटलीबंद नोनी रस जगभर पसरला. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याला नवे खाद्य म्हणून मान्यता दिली. रोग बरे करण्याच्या दाव्यांना मात्र पुरेसा वैद्यकीय पुरावा नाही. रसात पोटॅशियम बरेच असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो टाळावा आणि यकृताचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.